भट्टीपासून पडवीपर्यंतची वाट

काजूच्या कारखान्यात मी बरीच वर्षं कारकुनी केली. हजेरी, वजनं, मालाची चढउतार ही कामं माझ्याकडे होती. त्यांचा मला कधी कंटाळा आला नाही. कंटाळा आला तो जमिनीचा. रोज संध्याकाळी ती साफ करून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती होती तशी व्हायची. आकड्यांचं काम एकदा जुळलं की जुळतं, मग ते आपोआप बिघडत नाही. जमिनीचं तसं नाही.

कारखाना मालवणच्या बाहेर, खाडीच्या काठी होता. कारखाना म्हणायचं इतकंच. एक कौलारू गोदाम, त्याला लागून पत्र्याच्या छपराची भट्टी, आणि समोरच्या अंगाला एक लांब पडवी. पडवीत साठ-पासष्ट बायका ओळीने बसून काजू फोडत. भट्टीत भोकं पाडलेलं एक लोखंडी पिंप जाळावर आडवं फिरवलं जाई. त्यात काजूच्या बिया भाजत. भाजलेल्या बिया घमेल्यात काढून, पाणी शिंपडून, राखेत घोळवून पडवीत न्यायच्या. भट्टी आणि पडवी यांच्यामधली वाट बेचाळीस फूट लांब आणि तीन फूट रुंद होती. ही मापं मी स्वतः टेप लावून घेतली होती. मध्यावर गोदामाचा कोपरा पुढे आलेला, म्हणून तिथे वाट वळायची. त्या वळणाला आम्ही वाकण म्हणत असू.

काजूच्या टरफलात तेल असतं. खाण्याचं नव्हे. काळं, चिकट, अंगाला लागलं तर कातडी सोलवटून काढणारं. बिया भाजल्या की ते सुटतं. घमेल्यातून ठिबकतं, वाटेवर पडतं, त्यावर पाण्याचे थेंब पडतात, आणि बायका अनवाणी, डोक्यावर धगधगीत घमेलं घेऊन त्यावरून चालतात. वाटेच्या कडेला टरफलांचे ढीग असत, कारण तीच टरफलं पुन्हा भट्टीत जाळायला लागत. रिकामी घमेली जिथे हात मोकळा होईल तिथे टाकलेली. पोत्यांची तोंडं उघडी. पाण्याची घागर वाटेतच. यात कुणाचा आळस होता असं नाही. ज्याला त्याला आपल्या हातातलं काम आधी उरकायचं असे आणि वाट कुणाच्याच हातातलं काम नव्हतं.

घमेली वाहणाऱ्या आठ बायकांत माझी थोरली बहीण होती. आम्ही घरात तिला बाय म्हणतो. माझ्यापेक्षा ती नऊ वर्षांनी मोठी. लग्नानंतर पाचव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. कारखान्यात ती माझ्या आधीपासून होती. मी कारकून म्हणून लागलो तेव्हा तिने मला गेटातच सांगितलं होतं, "हय मी तुझी भयण नाय. घराकडे भयण." आणि तिने ते पाळलं. इतर बायकांसारखीच तीही मला "कारकुनांनू" म्हणे, फक्त तिच्या तोंडी त्याची धार जरा वेगळी लागायची.

मी लागण्याच्या आदल्या हंगामात ती वाकणावर पडली होती. घसरली, घमेलं डाव्या हातावर आलं. कोपरापासून खाली सगळं भाजलं. हात वाचला पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुन्हा मिटलं नाही. काजू फोडायला दोन्ही हातांची बोटं लागतात. एकाने बी धरायची, दुसऱ्याने लाकडी दांडक्याने टोला द्यायचा, आणि गर अख्खा निघायला हवा. ते तिला जमेना. म्हणजे तिच्यासाठी कारखान्यात एकच काम उरलं, डोक्यावरून वाहण्याचं. डॉक्टरांनी बजावलं होतं की त्याच हातावर पुन्हा असं काही झालं तर हात कामाचा राहणार नाही.

मी तिला काम सोडायला सांगून पाहिलं. माझ्या बायकोनेही सांगितलं, आणि मनापासून सांगितलं. बाय म्हणाली, "तुमच्यात माका कोण उणा बोलणा नाय, ता ठाव आसा माका. पण सकाळी उठान खंय तरी जावचा आसा, ह्या माका व्हया."  तेव्हा गोष्ट साधी होती. तिला काम हवं होतं, ते काम त्या वाटेवरच होतं, आणि ती वाट नीट ठेवणं मला जमलं तर तिचा हात शाबूत राहणार होता.

मी सुरुवात चुन्याने केली. वाटेच्या दोन्ही कडांना चुन्याचे पट्टे ओढले आणि सांगितलं की पट्ट्यांच्या आत काहीही ठेवायचं नाही. बायका हसल्या. एक म्हणाली, "कारकुनांनी देवळात रांग लावल्यासारख्या केल्यानी. आता पालखी कधी येतली?" आठ दिवसांत पट्टे काळे झाले. मी पुन्हा ओढले. घमेली टांगायला भिंतीत खुंट्या मारून घेतल्या. त्यांवर बायकांनी भाकरीची गाठोडी टांगली. रत्नागिरीहून सरकारी तपासनीस येऊन गेले, त्यानंतर शेठनी कणकवलीहून एक रंगवलेला फलक पाठवला. 'कामाची जागा स्वच्छ व नीटनेटकी ठेवावी.' फलक भट्टीच्या दारावर लागला. त्याच्या दोन खिळ्यांवर बायका डोक्यावरच्या चुंबळी वाळत घालू लागल्या, त्यामुळे त्यातलं 'कामाची' आणि 'ठेवावी' एवढंच दिसे.

तेल खरवडण्याचा एक नियम मी केला होता. आधी पत्र्याच्या तुकड्याने तेलाचा थर खरवडायचा, मग राख टाकायची, मग ती राख हिरांच्या खराट्याने झाडून काढायची आणि शेवटी कोरड्या राखेचा पातळ हात द्यायचा. चार कामं. होत असे ते एकच. तेलावर राख टाकली जाई. राख टाकली की जमीन करडी, कोरडी, अगदी सारवल्यासारखी दिसते. खाली तेल तसंच. उलट आता ते दिसतही नाही. मी ओरडलो की खरवडत. मी गोदामात वजनाला गेलो की राख.

हे सगळं मी शुद्ध मराठीत ओरडत असे. कारखान्यात मी मालवणी बोलत नसे. कारकुनाने बोलू नये असं मला वाटे. कदाचित त्यामुळेच ते कुणाला आपल्यासाठी आहे असं वाटत नसावं.

भट्टीवर एक म्हातारे गृहस्थ होते. पिंप कधी फिरवायचं, कधी थांबवायचं, बिया कधी काढायच्या हे तेच ठरवत. त्यांच्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराकडे होता. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे कुठल्याही कामाच्या आरंभी नारळ ठेवून देवाला घातलेली साद. एकाने ठेक्यात म्हणायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून दुजोरा द्यायचा. कुणकेश्वराची जत्रा झाली की थोड्या दिवसांत नवी बी यायला लागे, आणि हंगामाच्या पहिल्या सकाळी भट्टीसमोर त्यांचं गाऱ्हाणं होई.

चुन्याच्या पट्ट्यांनंतरच्या हंगामात त्यांनी नेहमीचं सगळं म्हटलं. माल बरो येवं दे, कोणाक बाधा होवं नये, शेठीक बरकत येवं दे. आणि मग माझ्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघत त्याच ठेक्यात म्हणाले, "आणि बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या कारकुनांका रोज वाटेवरची घमेली उचलूची लागतत, तेंचो ह्यो ताप दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" एवढ्या जोरात त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याच वाक्याला आलं नाही. हसून हसून एकीला ठसका लागला.

मीही हसलो. पण एक गोष्ट माझ्या नजरेने टिपली. ते म्हणत असताना एका बाईने वाटेवरचं आपलं घमेलं पायाने हळूच बाजूला सारलं होतं. चुन्याच्या पट्ट्याने जे झालं नव्हतं, ते एका वाक्याने झालं होतं.

दुपारी मी म्हाताऱ्यांकडे गेलो आणि विचारलं, "हे रोज सकाळी म्हणाल का? वाटेचं?"

"रोज? रोज काय लगीन आसा?"

"नारळ नको. नुसतं म्हणायचं. भट्टी पेटवण्याआधी."

त्यांनी विडी विझवून कानावर ठेवली. "देवाक रोज त्रास कशाक? पण म्हणतंय. माझा काय जाता?"

अशी ती पद्धत सुरू झाली. सकाळी सगळे जमले की म्हातारे भट्टी पेटवायची झावळांची चूड हातात घेऊन उभे राहत आणि म्हणत, "बा देवा म्हाराजा, आज भट्टी पेटतासा. घमेली उपडी घातलेली आसत रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा. "टरफलां भिंतीक लावलेली आसत रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा. "तेल खरवडलेला आसा, राख मारलेली आसा रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा. "भट्टीपासून पडवीपर्यंत वाट मोकळी आसा रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा. मग चूड आत.

पहिले तीन-चार महिने ते इतकं चांगलं चाललं की मला विश्वास बसत नव्हता. कारण देवाला सांगायचं तर ते खरं असायला हवं. वाक्य सुरू झालं की कुणीतरी धावत जाऊन घागर उचले. म्हातारेही थांबत. "खरवडलेला आसा" म्हणण्याआधी मान वाकडी करून वाकणाकडे बघत, आणि कुणी तिथे पत्रा घेऊन बसली असेल तर तिचं होईपर्यंत शब्द तोंडात धरून ठेवत. त्या हंगामात कुणी घसरलं नाही. त्याआधीच्या हंगामात लहानमोठं धरून सात जणी घसरल्या होत्या.

पुढच्या वर्षीही आम्ही तेच चालू ठेवलं. आणि रोजच्या गोष्टीचं जे होतं ते तिचं झालं. म्हाताऱ्यांचा ठेका भरभर चालू लागला. बायका कासोटा खोचता खोचता व्हय म्हाराजा म्हणू लागल्या. कुणी खाडीकडे बघत म्हणे, कुणी शेजारणीशी चाललेली गजाल मध्येच थांबवून म्हणे आणि पुन्हा तिथूनच पुढे चालू करी. मी गोदामाच्या दारातून ऐकत असे. आवाज भरपूर यायचा, पूर्वीपेक्षा एकसुरात. मी मोजमाप करणारा माणूस, पण आवाजावरून मी समाधान मानलं, कारण मी दमलो होतो आणि समाधान हवं होतं.

बायने मला घरी सांगितलं. रात्रीच्या जेवणाआधी ती चुलीशी बसली होती.

"मी मागसून बगतंय. व्हय म्हणतत तेव्हा एकाची पण मान खाली जाणा नाय."

"तू तिथेच का सांगत नाहीस?"

"घराकडे तरी मालवणीत नीट बोल रे. आणि मी काय सांगू? थय सगळे देवाशी बोलतत."

ज्या सकाळी हे उघड झालं ती आषाढातली होती. बी अजून शिल्लक होती आणि पाऊस आठवडाभर हटला नव्हता. पत्र्यावरून पाणी गळून वाटेवर येत होतं. आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवलेली सात पोती बी भाजायला तयार होती. ती त्याच दिवशी भाजली नाही तर बुरसायला लागते.

म्हातारे चूड घेऊन उभे राहिले. घमेली, टरफलं, तेल, राख. व्हय, व्हय, व्हय. "भट्टीपासून पडवीपर्यंत वाट मोकळी आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि त्याच्या मागोमाग, एकटाच आवाज, न ओरडता, ठेक्यात, "नाय म्हाराजा."

 म्हाताऱ्यांनी चूड खाली केली.

"कोण ता?"

"मी," बाय म्हणाली.

"गाऱ्हाण्यात नाय म्हणतंस? बाये, शुद्धीर आसंस ना?"

"शुद्धीर आसंय म्हणानच म्हणतंय. वाट मोकळी नाय. वाकणावर तेलावर नुसती राख मारलेली आसा."

"मगे गाऱ्हाणा संपल्यावर सांगूचा होता!"

"तोपर्यंत तुम्ही देवाक सांगून मोकळे. तुम्ही देवाक खोटा सांगलास, आणि मी गप ऱ्हवाचा?"

बायकांत कुजबुज सुरू झाली. आमच्याकडे गाऱ्हाण्याला नाही म्हणणं ही गोष्टच नाही. भांडणात, कोर्टात, भावकीत माणसं नाही म्हणतात, पण तिथे नाही. एक जण म्हणाली, "आता काय खरा नाय गो." दुसरी जवळजवळ रडवेली झाली होती. "माझा पोर तापान फणफणता घरात, आणि हिना आजच नाय म्हणूचा होता!" तिसरीने डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली. "मी काय हिच्या मागसून घमेला घेवन चलूचंय नाय. हिका आज घराकडे धाडा."

म्हातारे माझ्याकडे वळले. "कारकुनांनू, तुम्हीच सांगा तुमच्या भयणीक. नायतर भट्टी पेटाची नाय."

त्या दिवशी तिला घरी पाठवलं असतं तर ती परत आली नसती. तिचा स्वभाव मला माहीत होता, आणि त्या बायकांचाही. अपशकुनी म्हणून एकदा नाव पडलं की वाटेवर तिच्या मागेपुढे कुणी चाललं नसतं. हात वाचवायचा म्हणून मी जी पद्धत बसवली, तिच्यामुळेच तिचं काम जायची वेळ आली होती.

"भट्टी आत्ता पेटवायची नाही," मी म्हणालो. "आधी वाट कशी आहे ते बघू."

पण मी पुढे होण्याआधी बाय निघाली होती. तिने खुंटीवरचं रिकामं घमेलं डोक्यावर घेतलं, भरलं असतं तर जशी चालली असती तशी चालत वाकणापर्यंत गेली, आणि तिथे पायाच्या अंगठ्याने राख बाजूला सारली. हातभर जागा. खालून काळं, चकाकणारं तेल दिसलं. पाऊलभर पलीकडे तिने पुन्हा सारली. तिथेही तेच.

"हय बगा. आणि हय."

म्हातारे जाऊन वाकले. बोट लावून पाहिलं, बोट भिंतीला पुसलं. मला वाटलं, संपलं. संपलं नाही.

"तेल आसा," ते म्हणाले. "ता मी नाय म्हणणा नाय. पण गाऱ्हाण्याक आजपर्यंत कोणी नाय म्हटल्यान नाय. माझ्या बापाशीन घातल्यान, आजान घातल्यान. असा ऐकूक नाय कधी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखर धक्का बसला होता. तेल ही एक गोष्ट आणि नाही म्हणणं ही दुसरी. तेल दाखवून ते 'नाही' पुसलं जात नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं तर बायने हाताने मला थांबवलं.

"नारळ ठेवतंय," ती म्हणाली. "नाय म्हटलंय तेचो नारळ. वाटेचो नाय. आणि वाट खरवडल्याशिवाय घमेला उचलूचंय नाय. तुम्ही नाय उचलूचा म्हणतास ना, मी पण ताच म्हणतंय."

"नारळ खंय आसा?"

"कारकून देतले. तेंनीच सुरू केल्यानी ह्या सगळा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी शेजारच्या घरातून नारळ आणवला. तोपर्यंत दोघी-तिघी पत्रे घेऊन वाकणावर बसल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. चुंबळ काढणारी बाई त्यात होती, फक्त तिने बायकडे बघितलं नाही.

वाट खरवडून, झाडून, राखेचा हात देऊन झाल्यावर म्हाताऱ्यांनी नारळ ठेवला. बाय शेजारी पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या तोंडातसून काय अधिक-उणा गेला असात, ता पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यांनी नारळ नीट सरळ केला. मग म्हणाले, "आणि तेना सांगला ता खरा होता, ता पण ध्यानात घे रे म्हाराजा!"

याला उत्तर यायला वेळ लागला. आलं ते एकसुरात नव्हतं, कुणी आधी, कुणी मागून. पण आलं.

दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्यांनी आपण होऊन एक बदल केला. गाऱ्हाणं घालण्याआधी ते साध्या बोलण्यात विचारत, "बाये, बगलंस?" बाय रिकामं घमेलं घेऊन वाट चालून आलेली असे. वाकणावर राखेत पायाचा अंगठा घालून बघितलेलं असे. ती म्हणे, "बगलंय." काही राहिलं असेल तर म्हणे, "वाकणावर आसा," आणि ते होईपर्यंत चूड बाहेर. तिने बगलंय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं सुरू होत नसे, आणि एकदा सुरू झालं की त्यात नाही म्हणायची कुणाला गरज उरत नसे. देवाचा मान राहिला आणि वाटही.

बायका तिची थट्टा करत. "वाटेर देव भेटलो तर सांग गो!"

"भेटलो तर तुझ्या घोवाक मुंबयसून परत धाडूक सांगतंय."

"नको बाये, थयच ऱ्हवं दे. मनीऑर्डर तरी येता."

हे वाचायला बरं वाटतं. मला त्यात एक सल होता. सगळ्यांनी बघावं म्हणून मी ती पद्धत घातली होती. शेवटी बघणारी एक उरली आणि व्हय म्हणणाऱ्या बाकी सगळ्या. तीही पंचावन्नच्या पुढची, सगळ्यांत आधी येणारी, रिकाम्या घमेल्याची एक खेप बिनहिशोबी जास्त चालणारी. मी दुसऱ्या दोघींना आळीपाळीने लावून पाहिलं. त्या वाकणापर्यंत जात, राखेकडे वरून बघत आणि परत येत. वाट बघणं आणि वाटेकडे बघणं यांत फरक आहे. तो पडल्याशिवाय कळत नाही, आणि पडलेली फक्त तीच होती. मी तो नाद सोडला.

अशी पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत वाटेवर कुणी पडलं नाही. एक जण घसरली, पण भिंतीला धरून सावरली, आणि ते तेलावरून नव्हे, पावसाच्या पाण्यावरून.

मग एका हंगामाच्या अखेरीला, आम्ही संध्याकाळी घराकडे चालत येत होतो. बाय नेहमी माझ्या चार पावलं पुढे असे. त्या दिवशी ती मागे राहिली होती. पाणंदीतल्या दगडावर तिचा पाय अडखळला. मी वळलो.

"उद्यापासून मी येवचंय नाय," ती म्हणाली.

"का? कोण काही बोललं?"

"कोण बोलतला? माका तेल दिसणा नाय आता. पंधरा दीस झाले. काळा आणि करडा एकच दिसता. अंगठो घालून बगतंय, तर पाय असो जाड झालो की तेकाव काय कळणा नाय." तिने पायाचा अंगठा दगडावर घासला. "तरी रोज बगलंय म्हणतंय. त्या बाकीच्यांसारख्या."

मी म्हणालो, "मग बघायचं काम दुसरीला देऊ. तू नुसतं वाहा."

"आणि वाटेर काय आसा ता माका दिसूक नको? तूच सांग, कारकुनांनू."

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. डॉक्टरांनी पुढे तसं सांगितलं. पण ती त्यांच्याकडे जाण्याआधीच तिने काम सोडलं होतं. हात जसा होता तसाच शाबूत होता. दोन बोटं मिटत नव्हती, बाकी सगळं ठीक. ती वाटेवर पुन्हा पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्यांनी चूड पेटवली, आणि सवयीने वळून विचारलं, "बाये, बगलंस?"

तिथे कुणी नव्हतं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं, गावात अशी बातमी आमच्या आधी पोचते. एकीने दुसरीला कोपर मारलं. दुसरीने मान हलवली. चूड जळत होती, राख म्हाताऱ्यांच्या पायावर पडत होती.

मी गोदामाच्या दारातून पुढे आलो, चपला काढल्या, खुंटीवरचं घमेलं घेतलं. डोक्यावर घेतलं नाही, ते मला जमलं नसतं. काखेत धरलं. वाकणावर जाऊन राखेत अंगठा घातला. थंड, चिकट. खाली थर होता. मी पत्रा मागितला आणि खाली बसून खरवडायला लागलो. माझी कंबर तेव्हाच दुखायला लागली होती. थोड्या वेळाने चुंबळ काढणारी ती बाई येऊन समोरून खरवडू लागली. 

"कारकुनांनू, बगलास?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"बगलंय," मी म्हणालो.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा बाय पडवीत बसली होती. पावलांवरून तिने मला ओळखलं असावं, कारण दिवा अजून लागायचा होता.

"वाकणावर तेल होता?"

"होता."

"खरवडलंस?"

"खरवडलंय."

"सगळा?"

मी क्षणभर आठवून पाहिलं. भिंतीकडचा एक पट्टा, वीतभर, राहिला होता.

"भिंतीकडचा ऱ्हवला," मी म्हणालो.

"मगे उद्या आधी ता बग," ती म्हणाली, आणि पाय धुवायला पाणी कुठे ठेवलंय ते हाताने दाखवलं.